समस्त कर्मचारीवृंद

"हसा ताई, अजून थोडं हसा. आणि धनुष्यबाण जरा वर धरा," फोटोग्राफर तिसऱ्यांदा म्हणाला, आणि मी तिसऱ्यांदा हसले.

दुकानाच्या मधोमध, जिथं एरवी पैठण्यांचा स्टँड असतो, तिथं झोपाळा टांगला होता. त्याला झेंडूच्या माळा, माझ्या गळ्यात मोगऱ्याचे हार, डोक्यावर फुलांचा मुकुट आणि हातात फुलांचंच धनुष्य. माझा सातवा महिना चालू होता. अंगावरची हिरवी साडी इतकी भारी होती की तसली मी विकली होती, नेसले कधी नव्हते. तिचं लेबल आत खोचून ठेवलं होतं, कारण संध्याकाळी ती परत कपाटात जायची होती.

दुकानाचं नाव 'मायेचा पदर वस्त्रदालन'. तालुक्यात लग्नाचा बस्ता म्हटलं की लोक आमच्याकडंच यायचे. माझं काम आरशासमोरच्या छोट्या ओट्यावर उभं राहून साड्या अंगावर लावून दाखवायचं. बघायला आलेल्या बायका मला बघून साडी घ्यायच्या आणि घरी जाऊन आरशात स्वतःला बघून मला शिव्या द्यायच्या.

मालक वसंतशेठ बुकटे. त्यांना दोन गोष्टींचा भारी नाद, माइकचा आणि फ्लेक्सचा. नवीन माल आला की फ्लेक्स, जुना माल खपला की फ्लेक्स, आमदारांना नातू झाला की फ्लेक्स. तेव्हा माझ्या डोहाळजेवणाला फ्लेक्स नसता तरच नवल. झोपाळ्यामागची अख्खी भिंत त्यानं झाकली होती. डाव्या हाताला शेठचा सुपाएवढा चेहरा. मधे मजकूर, 'आमच्या लाडक्या कर्मचारी भगिनी सौ. वैजयंता संपत ढोबळे यांचे डोहाळजेवण', त्याखाली तारीख, आणि तारखेखाली माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात 'त्यानिमित्त सर्व साड्यांवर दहा टक्के सूट'. मी कोपऱ्यात, पुरीएवढी. आणि सगळ्यात खाली गोल गोल चौकटींत चेहऱ्यांची रांग. 'शुभेच्छुक : समस्त कर्मचारीवृंद'. प्रत्येकाखाली नाव आणि काम.

ही रांग पूर्वी एवढी लांब नसायची. आदल्या वर्षीच्या गणपतीच्या फ्लेक्सवर दगडूमामांचा फोटो राहून गेला. दगडूमामा म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने सेल्समन. साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून असा काही पदर सोडायचे की नवरीनं लाजावं. ते जे रुसले ते विसर्जन होईपर्यंत दुकानाकडं फिरकले नाहीत. शेवटी शेठ स्वतः पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. तेव्हापासून शेठचा नियम ठरला, "एकही तोंड सुटता कामा नये." छापायला टाकण्याआधी ते स्वतः बोट ठेवून चेहरे तपासायचे. हिशेबात एवढं लक्ष त्यांनी कधी घातलं नसेल.

कार्यक्रमाला माझ्या सासूबाई आल्या होत्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्या बाजारात भाजीचं पाल टाकतात. त्यांनी फ्लेक्सची कड दोन बोटांत चुरगळून पाहिली.

"चांगला जाड हाय वो शेठ. कार्यक्रम झाल्यावर ह्याचं काय करता?"

"घेऊन जा की आत्याबाई," शेठ म्हणाले. "आपलंच आहे सगळं."

मग ओटी झाली. शेठच्या पत्नी, आमच्या काकू, तांदूळ घालता घालता आत्यांना सांगत होत्या, "आमच्या मृणालला पण सातवाच हो. पुण्याला बँकेत आहे ना. तिला सव्वीस आठवडे भरपगारी रजा. कायदाच आहे तसा आता." आत्या म्हणाल्या, "नशीब हो पोरीचं." मग झाकलेल्या दोन वाट्या पुढं आल्या. मी एक उचलली, खाली बर्फी निघाली. "मुलगी! मुलगी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि शेठनी माइक हातात घेतला.

"मंडळी, आम्ही कामगार ठेवत नाही, आम्ही परिवार वाढवतो," शेठनी सुरुवात केली. हे वाक्य ते दर कार्यक्रमाला म्हणायचे. परिवार असल्यामुळं आम्हाला जादा तासांचे पैसे नव्हते, सुट्टी मागितली तर रुसवा मात्र होता. "वैजयंता मला मुलीसारखी. आणि या दिवसांत आपल्या मुलीनं दिवसदिवस उभं राहावं, हे कुठल्या बापाला बघवेल? म्हणून आजपासून आपण तिला कामातून मोकळं करतोय. तिनं सुखानं घरी बसावं, बाळाला सांभाळावं, एवढीच या बापाची इच्छा!"

केवढ्या टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. शेठना पाझर फुटला, रजा दिली, असं मला वाटलं.

पंगत चालू असताना मी शेठना गाठलं. मुकुट अजून डोक्यावरच होता.

"शेठ, रजा कधीपासून कधीपर्यंत धरू?"

"रजा?" शेठनी जिलेबी तोडली. "रजा कसली, बाळ? म्हटलं ना, मोकळं केलं."

"म्हणजे बाळंतपणानंतर यायचंच ना मी?"

"आता लग्नसराई तोंडावर आली. ओट्यावर बाई लागणारच. तुझ्या निऱ्या बसत नाहीत आता, गिऱ्हाईकाचं लक्ष साडीवर राहत नाही. उद्यापासून एक मुलगी येतीय. अगदी बारीक आहे." मग माझा चेहरा बघून त्यांनी आवाज मऊ केला. "जेवून घे आधी. तुला दोघांचं जेवायचंय."

मला कामावरून काढल्याच्या समारंभात मी स्वतः टाळ्या वाजवल्या, हे मला तेव्हा कळलं. साडी सोडून परत केली, नारळ पिशवीत टाकला आणि घरी आले. माझ्यामागं आत्या फ्लेक्सची गुंडाळी डोक्यावर घेऊन.

रात्री आमचे हे म्हणाले, "शेठ माणूस चांगला हाय पण. किती मोठा कार्यक्रम केला."

"व्हय," आत्या म्हणाल्या. "बोकडालाबी आधी हारच घालत्यात."

मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. लाज जास्त वाटली. लग्न झाल्यापासून घर माझ्या पगारावर चालत होतं, कारण ह्यांच्या टेम्पोला हंगामातच भाडं असायचं. पगार बंद झाला तर टेम्पो विकल्याशिवाय बाळंतपण निभणार नव्हतं. आठवड्याभरात एक गिऱ्हाईक येऊन टायरला लाथा मारून बघूनसुद्धा गेलं. टेम्पो गेला की हे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होणार, मी घरात बसणार, आणि तेही सुखानं.

ज्याला सांगावं तो म्हणायचा, "असंच असतं." माझंही तेच मत होतं. आमच्या दालनात बाईला काढायची पद्धत आधीपासूनच फार घरंदाज. सविताचं लग्न ठरलं तेव्हा तिला केळवण करून निरोप दिला. ज्योतीला दिवस गेले तेव्हा साडीचोळी दिली. दोघी डोळे पुसत, शेठच्या पाया पडून गेल्या. त्या दोन्ही वेळी फ्लेक्सवर शुभेच्छुकांत मी होते.

पण काकूंचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मृणाल शेठची मुलगी, तिला सव्वीस आठवडे भरपगारी, आणि कायदाच आहे तसा. मी शेठची मुलीसारखी, मला जिलेबी. मुलीला एक कायदा आणि मुलीसारखीला दुसरा, असं कुठं लिहिलंय, हे एकदा विचारून तरी यावं म्हणून मी उठले आणि माहिती होतं तिथंच गेले, पोलीस ठाण्यात.

हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, मारलं का कुणी?"

"नाही. ओटी भरली."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग हे आमच्याकडं बसत नाही. असं करा, कोर्टाच्या आवारात जा. आत गेल्यावर उजव्या हाताला विधी सेवा समितीची खोली आहे. बाईमाणसाला तिथं फुकट वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखलाबिखला काही मागत नाहीत."

फुकट म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. दहा वर्षं साड्या विकल्यात. फुकट दिलेल्या साडीचा रंग पहिल्या धुण्यात जातो. पण कोर्ट रस्त्यातच होतं.

खोलीत ॲडव्होकेट फरीदा मुजावर डबा उघडून बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या. मला बघून डबा मिटायला लागल्या, तर मीच म्हटलं, "जेवा मॅडम, माझं काही मोठं काम नाही." ती माझी त्या दिवसातली दुसरी चूक. पहिली शेठना चांगला माणूस समजण्याची होती, पण ती तर रोजचीच होती.

"का काढलं? कामात चुकलात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"गैरहजेरी? गिऱ्हाइकाशी भांडण?"

"नाही हो. निऱ्या बसत नाहीत म्हणाले."

मॅडमनी घास परत डब्यात ठेवला. "म्हणजे गरोदर आहात म्हणून."

"तसं कुणी म्हणालं नाही. ते म्हणाले, सुखानं घरी बस."

"वैजयंताताई, गोड बोलून काढलं तरी ते काढणंच झालं. बाई गरोदर आहे एवढ्यासाठी तिला कामावरून काढणं, हा भेदभाव आहे. आणि कायद्यानं तो चालत नाही. तुमचा रजेचा पगार त्यांना बुडवता येत नाही."

भेदभाव हा शब्द मी तोवर शाळेच्या नागरिकशास्त्रात वाचला होता. दोन मार्कांना यायचा. त्यात कुणी जिलेबी वाढतं, असं पुस्तकात नव्हतं.

"पण त्यांनी माझा अपमान कुठं केला? उलट कौतुकच केलं," मी उगाच शेठची बाजू घेतली. सवय, दुसरं काय.

"तुमच्या जागी पुरुष असता, तर त्याला बाप होणार म्हणून काढलं असतं?"

आमचा कॅशियर नुकताच बाप झाला होता. शेठनी त्याचा पगार वाढवला होता, जबाबदारी वाढली म्हणून. मी ते सांगितलं. मॅडमनी ते लिहून घेतलं.

"एक अट आहे," त्या म्हणाल्या. "हा कायदा दुकानात दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तरच लागतो. तुमच्याकडं किती?"

मी बोटांवर मोजले. "चौदा. शेठ सोडून."

"मग झालं तर," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कामगार कार्यालयाला अर्ज केला.

पण झालं नव्हतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणी लागली. लोखंडे नावाचे अधिकारी होते, प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणणारे. शेठ पांढऱ्या कपड्यांत आले, आल्याबरोबर मलाच विचारलं, "तब्येत कशी आहे, बाळ? वेळेवर जेवतेस ना?" मग खुर्चीत बसले आणि हजेरीपट टेबलावर ठेवला. त्यात नावं नऊ.

"लहान दुकान आहे साहेब," शेठ म्हणाले. "कायद्याला दहा लागतात ना? ही तर मला मुलीसारखी, कायदा असता तर मी स्वतः दिलं असतं."

"बाकीची माणसं?" मुजावर मॅडमनी विचारलं. "दगडू खरात? बाकीचे सेल्समन?"

"ते आमच्या जिव्हाळ्याचे. हौसेनं येतात, मदत करतात, जातात."

"बरं," लोखंडेसाहेब म्हणाले. तपासणीला दुकानात येणार म्हणून त्यांनी तारीख कळवली. त्या दिवशी दालनात मोजून नऊ जण होते. उरलेल्या पाच जणांना शेठनी जोतिबाला पाठवलं होतं, स्वतःच्या खर्चानं, गाडी करून, वर गुलालखोबऱ्याला पैसे देऊन. इतक्या वर्षांत शेठनी आम्हाला बसस्टँडपर्यंत सोडलं नव्हतं.

आता साक्षीदार हवा होता. मी दगडूमामांना चहाच्या गाड्यावर गाठलं. त्यांच्या कपाळाला अजून गुलाल होता.

"मामा, नुसतं खरं सांगायचंय. तुम्ही कामाला आहात एवढंच."

मामा कप बशीत फिरवत राहिले. "वैजू, पोरी, ह्या वयात मला दुसरीकडं कोण ठेवंल? शेठनं उद्या बाहेर काढलं तर साडी खांद्यावर घेऊन कुठं हुबा राहू?" मग हळूच म्हणाले, "आन् शेठनं मलाच साक्षीला बोलवलंय. नऊच हायत म्हणून सांगायला."

मी चहा न पिता उठले. त्यांचा राग आला, आणि राग आल्याचं वाईटही वाटलं, कारण त्यांच्या जागी मी असते तर मीही जोतिबाला गेले असते.

घरी आले तर टेम्पोचं गिऱ्हाईक ह्यांच्याशी दारात बोलत उभं. पुढच्या बाजारानंतर विसार देतो म्हणाला. मुजावर मॅडम फोनवर धीर देत होत्या, पण त्यांच्याही आवाजात दम नव्हता. "काहीतरी कागद बघा ताई. पगाराची पावती, ओळखपत्र, काहीही." आमच्याकडं कागद कुठला? परिवारात कोण कुणाला पावती देतं?

बाजाराच्या दिवशी घरात जीव रमेना म्हणून आत्यांच्या पालात जाऊन बसले. दुपारचं ऊन असलं कडक होतं की मेथीच्या जुड्यांनी माना टाकल्या होत्या. आठवा संपत आला होता, पाठ भरून आली होती. आत्यांनी बारदान अंथरून दिलं. "पड जरा. गिऱ्हाईक आलं तर मी बघते."

मी पाठीवर पडले आणि वर बघितलं. आत्यांनी फ्लेक्सची छापील बाजू आभाळाकडं करून पाल ताणलं होतं. का, ते मी पूर्वीच विचारलं होतं. आत्या म्हणाल्या होत्या, "त्याचं थोबाड मी दिवसभर कशाला बघू? बसू दे त्याला उन्हात." त्यामुळं खालून नुसती पांढरी बाजू दिसायची. पण त्या दुपारी ऊन बरोबर डोक्यावर होतं आणि फ्लेक्समधून आरपार येत होतं. पांढऱ्यातून हळूहळू शेठचा चेहरा उमटला, उलटा. मग मी, पुरीएवढी. अक्षरंही उलटी. आणि माझ्या पायांशी, जिथं पालाची कड खाली उतरली होती, तिथं गोल गोल चौकटी.

मी पडल्यापडल्या मोजायला सुरुवात केली. कॅशियर. शटरवाला बंडू. गोडाऊनचे दोघं. दगडूमामा, टोपी घालून, केस काळे करून. मोजत मोजत शेवटच्या चौकटीला पोचले आणि ताडकन उठून बसले. आठव्या महिन्यात ताडकन कसं उठतात, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

"आत्या, पाल सोडा."

"अगं, गिऱ्हाईक हाय समोर. वांगी मोजतीय."

"वांगी राहू द्या. पाल सोडा!"

वांगी घेणारी बाई पिशवी छातीशी धरून मागं सरली. आत्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा वर, आणि मग भाजी तशीच उन्हात टाकून दोऱ्या सोडायला लागल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना गिऱ्हाईक सोडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या सुनावणीला हे मला टेम्पोतूनच घेऊन गेले. विसार अजून घेतला नव्हता. गुंडाळी ह्यांच्या खांद्यावर, मागं मी पोट सांभाळत, आणि माझ्यामागं आत्या, गुंडाळीवर लक्ष ठेवून. आत शेठ बसले होते आणि त्यांच्या बाजूला, इस्त्रीच्या सदऱ्यात, टोपी हातात घेऊन दगडूमामा. माझ्याकडं बघत नव्हते.

"यांना विचारा साहेब," शेठ म्हणाले. "गावातले प्रतिष्ठित आहेत."

"बरं. त्याआधी अर्जदारांना काही दाखवायचंय म्हणतात," लोखंडेसाहेब म्हणाले.

खोलीत टेबल खुर्च्या सरकवल्या तेव्हा कुठं फ्लेक्स मावला. त्यातून कांद्याची दोन सालं आणि एक वाळकी मिरची पडली. शेठचा सुपाएवढा चेहरा जमिनीवर हसत होता. खुर्चीतल्या शेठचा चेहरा मात्र पुरीएवढा झाला होता.

लोखंडेसाहेब उठले, फ्लेक्सभोवती एक फेरी मारली आणि रांगेपाशी उकिडवे बसले. "तारीख या वर्षीची आहे. बुकटे, हे कोण सगळे?"

"शुभेच्छुक आहेत साहेब."

"'शुभेच्छुक : समस्त कर्मचारीवृंद' असं छापलंय."

"छापणाऱ्यानं आपल्या मनानं घातलं असेल."

"प्रत्येकाखाली कामही घातलंय मनानंच? मजकूर कुणी दिला होता?"

शेठनी रुमाल काढला. मुजावर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, गेल्या बारा महिन्यांत एका दिवशी जरी दहा माणसं कामाला असली तरी कायदा लागतो. आणि हा दिवस त्यांनी स्वतःच चौकात लावायच्या मापाचा छापून ठेवलाय."

लोखंडेसाहेबांनी एका चौकटीवर बोट ठेवलं. "दगडू विठोबा खरात, ज्येष्ठ सेल्समन. हे तुमच्याकडं कामाला आहेत की नाहीत? एका शब्दात सांगा."

शेठनी दगडूमामांकडं पाहिलं नाही. "नाहीत. हौसेनं येतात."

दगडूमामा खाली बघत होते, स्वतःच्याच फोटोकडं. ते टोपीच्या घड्या घालत राहिले, घालत राहिले, आणि मग त्यांनी ती डोक्यावर घातली.

"हौसेनं?" मामा म्हणाले. "शेठ, तुमच्या वडलांनी मला दुकानात आणलं तवा मला मिसरूड नव्हतं. तुम्हाला कडेवर घेऊन मी शाळंत सोडलंय. त्ये हौसेनं व्हय?"

"दगडू, तू गप्प—"

"तुमच्या फोटोत मी न्हवतो तर पेढं घेऊन आलासा. आन् हजेरीत मी कवाच न्हवतो, त्ये आज कळलं." मामा साहेबांकडं वळले. "साहेब, तुमी नावं वाचा. मी सांगतो."

साहेब उकिडवेच एकेक नाव वाचत गेले. मामा उभ्यानं उत्तर देत गेले.

"बंडू ऐवळे."

"कामाला."

"शकील अत्तार."

"कामाला. गोडाऊनला."

असे चौदा. माझं नाव आलं तेव्हा मामांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"वैजयंता ढोबळे."

"कामाला," मामा म्हणाले. "आन् साहेब, निऱ्या न बसायला काय झालंय? नववा लागला तरी बसत्यात. बसवणारा पायजे. मी बसवून दिल्या असत्या, मला इचारलं असतं तर."

मी तिथंच रडले. शेठनी ओटी भरली तेव्हा नाही, काढलं तेव्हा नाही, तिथं रडले, आणि आत्यांनी पदरानं माझं नाक पुसलं, पोराचं पुसतात तसं.

"बरं," लोखंडेसाहेब म्हणाले. या वेळी त्यांनी ते लिहूनही घेतलं.

पुढचं थोडक्यात. सव्वीस आठवड्यांचा पगार मिळाला, जागा परत मिळाली, आणि टेम्पो आमच्याच दारात राहिला. मुलगीच झाली. हजेरीपटात सगळ्यांची नावं आली, पहिलं दगडूमामांचं. फ्लेक्स कार्यालयात पुरावा म्हणून राहिला, त्याचं दुःख आत्यांना अजून आहे. कुणी जिल्ह्याला निघालं की त्या सांगतात, "त्या साहेबाला इचार, झालं असंल तर माझं पाल दे म्हणावं." शेठ आता फ्लेक्सवर स्वतःचा आणि देवाचा फोटो सोडून तिसरा घालत नाहीत. दगडूमामा दर गणपतीला रुसतात, पण आता पगारी रजा टाकून.

दालनात त्यानंतर कुणाचंही डोहाळजेवण झालं नाही. गेल्या वर्षी त्या बारीक मुलीला, जी माझ्या जागी आली होती आणि नंतर माझ्या शेजारी उभी राहिली, दिवस गेले. घाबरत घाबरत तिनं शेठना सांगितलं. मी साड्यांच्या घड्या घालत होते.

शेठनी तिला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला. "बाळ," ते म्हणाले, "तू मला मुली—"

एवढ्यात त्यांची नजर माझ्याकडं गेली. हात झटकन खाली आला.

"तू आमची कामगार आहेस," शेठ म्हणाले. "रजेचा अर्ज देऊन ठेव."